नरसूतात्यांचे खासदार

आमच्या शेजारचे नरसूतात्या एकाही खासदाराला नावानं ओळखत नाहीत. ज्यांच्या घरी त्यांनी उभं आयुष्य स्वयंपाक केला, त्यांनासुद्धा नाही. टीव्हीवर एखाद्या जुन्या खासदाराच्या निधनाची बातमी लागते. मी विचारते, "तात्या, हे तुमच्या ओळखीचे होते का हो?" तात्या चष्मा कपाळावर चढवतात, डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "व्हय तर. ह्ये पापडवाले. जेवणाआधी पापड लागायचा, भाजलेला. तळलेला दिला की ताट बाजूला सारायचे. लई गुणी माणूस."

पक्ष कोणता, कुठून निवडून आले, मंत्री झाले की पडले, यातलं काही तात्यांना विचारू नये. त्यांच्याकडं एकच माप आहे. हॉटेलात चहा पिताना माणसं एखाद्या खासदाराला शिव्या घालत असली, की तात्या मधेच म्हणतात, "काय बी म्हणा, त्यानं कधी पान उष्टं टाकलं न्हाई." यापुढं चर्चाच संपते. तात्यांच्या लेखी याहून मोठा कारभार कुणी केलेला नाही.

तरुणपणी तात्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायचे. कसल्याशा सभेसाठी आलेले खानदेशातले एक खासदार तिथं जेवायला बसले. भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी भटारखान्यात डोकं घातलं आणि विचारलं, "दिल्लीला येतोस का?" तात्या पिठाच्या हातानं तसेच उभे राहिले. दिल्ली किती लांब आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सोलापूरच्या पुढं असेल असं वाटलं, म्हणून हो म्हणाले.

हे पहिले साहेब म्हणजे भरीतवाले. वांगी स्वतःच्या गावाहून रेल्वेनं आणायचे. दिल्लीची वांगी त्यांना वांगी वाटायचीच नाहीत. तात्यांनी पहिल्याच रविवारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात काटक्या पेटवून वांगी भाजायला घेतली. शेजारच्या क्वार्टरमधले परराज्यातले खासदार धूर बघून घाबरले आणि त्यांनी आगीचा बंब बोलावला. बंब आला, शिपाई आले, पाइप उलगडला. तात्या वांग्यांसमोर दोन्ही हात पसरून उभे. "पाणी मारू नका," एवढंच ओरडत होते, तेही मराठीत. शेवटी साहेब बाहेर आले आणि उलगडा झाला. शेजारच्या खासदारांना माफीदाखल भरीत-भाकरी पाठवली, तर पुढच्या रविवारी ते स्वतःच ताट घेऊन आले. दोघं एकमेकांच्या विरोधी पक्षांत होते. तात्या सांगतात, "सभागृहात त्ये दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचे म्हणं. आमच्याकडं मातुर एकाच वाटीतलं तेल घ्यायचे."

भरीतवाले पुढच्या निवडणुकीत पडले. जाताना त्यांनी कोकणातल्या एका नव्या खासदाराला सांगितलं, "माणूस चांगला आहे. हात गोड, आणि तोंड उघडत नाही." असं एकानं दुसऱ्याला सांगायचं, आणि खासदार बदलले तरी तात्या तिथंच राहायचे. कोकणातले ते सोलकढीवाले. त्यांनी पहिल्या दिवशी नारळ पुढं ठेवला, तेव्हा तात्यांनी तो दोन्ही हातांत धरून विचारलं, "कुठल्या देवाला?" नारळ देऊळ सोडून आणखी कुठं फोडतात, हे आमच्या सास्तूरच्या माणसाला तोवर माहीतच नव्हतं.

मग उपासवाल्या बाई आल्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, वर मधूनच एखादा नवस. तात्या वैतागून जायचे. "आठवड्यातनं एखादा वार जेवणाचा निघाला तर मला सण वाटायचा, सूनबाई." पण बाई सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या की तात्यांचा गावाकडं फोन यायचा. आमच्या सासूबाई टीव्ही लावायच्या, अर्धी गल्ली गोळा व्हायची. बाई कापसाच्या भावावर बोलत असायच्या, आणि तिकडून फोनवर तात्या काळजीनं सांगायचे, "आवाज बसलाय, बघा. सकाळी गार दही खाल्लं. म्या नको म्हणत व्हतो."

मी बेंबळीची; इथं बालवाडीत शिकवते. लग्न करून सास्तूरला आले तेव्हा तात्यांचं नाव आधी ऐकलं आणि ते दिसले फार नंतर. शेजारी कलावतीकाकू एकट्या राहायच्या. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडं भूकंपानंतर बांधलेली रांगेतली घरं, दोन घरांच्या मधे हातभर बोळ. त्या बोळातूनच आमचं बोलणं चालायचं. मी विचारलं, "काकू, तात्या कधी येणार?" तर म्हणाल्या, "अधिवेशन संपलं की. आमचा संसार अधिवेशनावर हाय."

अधिवेशन संपलं की तात्या खरंच यायचे, आणि येताना दिल्ली घेऊन यायचे. सकाळचा पहिला चहा म्हणजे त्यांचा शून्य प्रहर. त्या वेळी कुणीही काहीही बोलावं. चूल पेटली की सेशन चालू, मग मधे बोलायचं नाही. जेवणं झाली की हात पुसत ओट्यावर येऊन जाहीर करायचे, "सभा तहकूब." काळ मोजायचे तेही टर्मवर. काकूंच्या म्हशीला ते "दुसऱ्या टर्मची" म्हणायचे. एकदा माझ्या मिक्सरमधून धूर निघाला, तर बोळातून डोकावून म्हणाले, "सूनबाई, ह्येची टर्म संपली. आता नवा निवडा."

घरी आले की काकूंना ते चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. हौसेनं पनीर करायचे. स्वतः दूध फाडून, फडक्यात बांधून, वर पाटा ठेवून. आमच्याकडं तेव्हा पनीर कुणी पाहिलेलं नव्हतं. काकू मुकाट्यानं खायच्या. दुसऱ्या दिवशी बोळात येऊन मला कानात सांगायच्या, "रबरावानी लागतंय गं. दातात करकरतंय. पर त्यास्नी सांगू नको, लांबनं येऊन करत्यात."

गावाला मात्र तात्यांचा राग होता. खासदाराच्या घरात राहणारा माणूस, त्यानं मनात आणलं तर काय होणार नाही? कुणाला बदली हवी असायची, कुणाला रेल्वेचं रिझर्वेशन, कुणाला पोराच्या नोकरीसाठी शब्द. तात्या सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि काहीच व्हायचं नाही. एकदा गल्लीतल्या एका माणसानं चिडून विचारलं, "तात्या, तुम्ही सांगितलं का न्हाई सायबाला?"

"सांगणार व्हतो. सायेब भात खात व्हते."

"आन् मग भात झाल्यावर?"

"मग दही घेतलं."

तात्यांचा हा नियमच होता. जेवत्या माणसापुढं आपली गरज मांडायची नाही. ते म्हणायचे, "दिवसभर त्या माणसाला जो भेटतो त्यो कायतरी मागतोच. येक ताटच हाय जितं त्याला कुणी काय मागत न्हाई. तितं बी म्या हात पसरला तर घास कसा उतरंल?" आणि आचारी माणूस साहेबाला भेटणार ताटावरच. त्यामुळं मागायची वेळ कधी आलीच नाही. लोकांनी शेवटी नाद सोडला. "खासदाराचं मीठ खातो पण गावाच्या उपयोगाचा न्हाई," असं त्यांच्या तोंडावर म्हणायला लागले. तात्या हसून सोडून द्यायचे.

काकूंनी कधी काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. फक्त एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, भूकंप झाला तेव्हा त्या शेतातल्या वस्तीवर झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. तात्या दिल्लीहून मिळेल त्या गाडीनं आले, पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर सगळ्यांना खिचडी शिजवून घातली. मग अधिवेशनाचं बोलावणं आलं. "तवा वाटलं व्हतं, राहा म्हणावं," काकू म्हणाल्या, "पर त्ये पिशवी भरत व्हते. म्हणलं जाऊ द्या."

तात्यांचे शेवटचे साहेब म्हणजे अळणी साहेब. त्यांना बीपी होतं. मीठ बंद. बिनमिठाच्या आमटीला चव आणणं ही तात्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई. चिंच, कोकम, लिंबू, जिऱ्याची पूड, काय काय करून बघायचे. त्याच टर्ममध्ये काकूंना दम लागायला लागला. बोळातून पाण्याची घागर घेऊन येताना मधेच भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आम्ही सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लागेल. दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यात चांगलं होईल, पण तिथं नंबर लवकर लागत नाही. कुणाची ओळख असेल तर बघा.

ओळख! आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आमचे हे लाइनमन आहेत. पोलवरून उतरल्या उतरल्या ह्यांनी तात्यांना फोन केला. तात्या म्हणाले, "सांगतो सायबांना. आजच सांगतो."

त्यानंतर काय झालं ते तात्यांनी मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. दुपारची वेळ होती, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, आणि न विचारताच ते बोलायला लागले.

"सायेब जेवायला बसले. म्या मागं उभा. आज बोलायचंच म्हणून ठरवलं व्हतं. सायबांनी पहिला घास घेतला आन् म्हणाले, नरसिंग, आज आमटी जमली रे. मग कसं बोलू, सूनबाई? म्हणलं, हात धुवायला उठले की बोलू. उठले, तर फोन आला. सभागृहात मतदान व्हतं. ओल्या हातानंच गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी मतदारसंघात गेले. आले तर संगट पाव्हणे. रोज म्हणायचो, उद्या."

"मग?"

"मग एक दिवस सायेब चपला घालत व्हते, तवा बोललो. सायबांनी तशीच एक चप्पल पायात ठेवून माझ्याकडं बघितलं. म्हणाले, अरे येड्या, माझ्या घरात राहतोस आन् आज सांगतोस? तितंच उभ्या उभ्या फोन लावला. टेबलावर चहा व्हता त्यांचा. त्यो निवायच्या आत काम झालं, सूनबाई. निवायच्या आत."

काम झाल्याचा फोन आला तेव्हा काकूंजवळ मीच होते. त्या घाबरल्या नाहीत, उलट लाजल्या. दिल्लीला थंडी असते म्हणून मी माझा स्वेटर त्यांच्या पिशवीत घातला. म्हणाल्या, "दवाखान्याचं होईल तसं होईल. मला तेवढं ते पार्लमेंट लांबनं दाखवा म्हणावं. ह्यांचं सगळं आयुष्य तितं गेलं, कसं असतंय ते बघू तरी." रेल्वेचं तिकीट झालं. निघायच्या आदल्या सकाळी काकू अंगण झाडत होत्या. झाडता झाडता खाली बसल्या. मी बोळातून बघितलं, मला वाटलं दम खातायत. हाक मारली. मग धावले.

तात्या आले ते पुन्हा गेले नाहीत. अळणी साहेब स्वतः सास्तूरला भेटायला आले होते, पोलिसांची गाडी पुढं, चारदोन माणसं मागं. तात्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले, त्यांचा हात हातात घेतला. माणूस खरोखर चांगला होता, डोळ्यांत पाणी होतं. तात्या नुसते समोर बघत होते. तासाभरानं साहेब उठले. दारात आलेल्या माणसाला "जेवलात का" असं तात्यांनी विचारलं नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर तात्या कुठल्या लग्नात आचारी म्हणून गेले नाहीत. लोकांनी बोलावलं, दिल्लीचा आचारी म्हणून मान दिला, पण नाही. स्वतःपुरती भाकरी थापायचे आणि ओट्यावर बसायचे.

काकूंचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मात्र त्यांच्यात जरा जीव आला. आमच्याकडं पानात पुरणपोळी लागते, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी. तात्या बोळात येऊन म्हणाले, "सूनबाई, उद्या दूध जादा घ्या. पनीर करतो. हिला लई आवडायचं."

मी हातातलं काम ठेवलं. नंतर वाटलं, हो म्हणून सोडून दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण पान काकूंचं होतं. वर्षातून एकदा, तेही पहिल्यांदा. मी म्हणाले, "तात्या, काकूंना पनीर आवडत नव्हतं."

"असं कसं? रोज खायची की."

"तुम्ही करायचा म्हणून."

तात्या बोळाच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. भरीतवाल्यांना तेल किती, सोलकढीवाल्यांना हिंग चालतो की नाही, बाईंच्या साबुदाण्यात दाण्याचं कूट जाडं की बारीक, हे सगळं ज्या माणसाला पाठ, तो माणूस माझ्याकडं तोंड वर करून बघत होता. मग हळूच म्हणाले, "मग काय आवडायचं तिला?"

"शेंगोळे," मी सांगितलं. "हुलग्याच्या पिठाचे. तुम्ही इथं नसताना करायच्या. दिल्लीहनं येत्यात, त्यास्नी असलं गरिबाचं कुठं घालू, म्हणायच्या. मला वाटी भरून द्यायच्या बोळातून."

तात्यांना शेंगोळे येत नव्हते. त्यांच्या कुठल्याच खासदारानं ते कधी मागितले नव्हते. हुलगे मी निवडले, दळण मीच आणलं. पिठात लसूण, तिखट, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, हातावर वळून बारीक कड्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. तात्यांच्या बोटांखाली पहिल्या कड्या तुटल्या. दुसऱ्या पाण्यात विरघळल्या. घामाघूम झाले. शेवटी जे झालं ते काकूंच्या फोटोपुढं ठेवलं. गल्ली जेवली. कुणाच्याही मागं ते उभे राहिले नाहीत, उंबऱ्यात बसून होते. माझं जेवण झाल्यावर विचारलं, "तसे झाले का?"

"थोडे कडक झालेत, तात्या."

त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून त्यांच्यात एक बदल झाला. आता ते मागतात, बिनदिक्कत मागतात, तेही दुसऱ्यांसाठी. तलाठ्याकडं, डॉक्टरकडं, कुणाकडंही जाऊन उभे राहतात. गेल्या लोकसभेला एक उमेदवार प्रचाराला आमच्या गल्लीत आला. ऊन मरणाचं होतं, माणूस उपाशी दिसत होता. कुणीतरी सांगितलं, हे तात्या दिल्लीत खासदारांचे आचारी होते. तो कौतुकानं आत येऊन बसला. तात्यांनी पिठलं गरम केलं, भाकरी हातात घेतली, आणि ताटात न टाकता तशीच धरून उभे राहिले. "आधी ऐका. मग जेवा. ह्या आमच्या सूनबाईची बालवाडी गळती. पोरं पावसात एका कोपऱ्यात बसत्यात. पत्रे पाह्यजेत." उमेदवार भाकरीकडं बघत म्हणाला, "देतो, तात्या, नक्की देतो." मग तात्यांनी भाकरी वाढली. त्यानं पोटभर जेवून दोन्ही हात जोडले.

तो पडला. बालवाडी अजून गळते. तात्यांना त्याचं वाईट वाटलं, पण आपण बोललो याचं समाधान होतं. "आता निवडून आलेल्याला सांगतो," म्हणाले. त्याचं नाव त्यांना आठवेना. तो अजून त्यांच्याकडं जेवलेला नाही.

शेंगोळे मात्र ते करत राहिले. दर सोमवारी बोळातून वाटी येते. मी खाते, आणि काय कमी आहे ते सांगते. कधी मीठ, कधी लसूण, कधी रस्सा पातळ. सुरुवातीला खरंच कमी असायचं. तात्या ऐकून घेतात, वाद घालत नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत त्यांचं त्यातच चाललेलं असतं. हुलगे निवडतात, पीठ कुठल्या गिरणीत बारीक मिळतं याची चौकशी करत माकणी गावापर्यंत जाऊन येतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारतात, कलावती लसूण ठेचून घालायची की वाटून? त्या निमित्तानं काकूंविषयी काहीबाही ऐकायला मिळतं. ती नवी नवरी असताना कुणाबरोबर पाण्याला जायची, कशावरून हसायची. ऐकून येतात आणि मला सांगतात, जणू मलाच माहीत नाही.

या सोमवारी वाटी आली. मी पहिली कडी तोंडात घातली आणि तशीच थांबले. काकूंचा हात. तोच ठेचलेला लसूण, तीच शेवटी येणारी किंचित आंबट चव. मला रडू आवरेना. मी पदरानं तोंड पुसलं. तात्या बोळात भिंतीला टेकून वाट बघत उभे होते.

"कसे झालेत, सूनबाई? झाले का तिच्यासारखे?"

मी वाटी संपवून खाली ठेवली. म्हणाले, "नाही, तात्या. अजून थोडं काहीतरी राहतंय. काय ते मला सांगता येईना."

तात्यांचा चेहरा उजळला. "बरं बरं," ते म्हणाले, "बघतो मग पुढच्या सोमवारी," आणि रिकामी वाटी घेऊन घाईघाईनं घरात गेले.